व्हिटकम साहेबांचं वाट्यांचं शास्त्र

आमच्या आवारात दोन चुली होत्या आणि त्या दोन चुलींच्या मालकिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक माझी आय, हिरा. दुसरी माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, चंद्रावती. तिला मी मोठीआय म्हणायची. सख्ख्या जावा, एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या, एकाच दोरीवर धुणं वाळत घालणाऱ्या, आणि तोंडाला कुलूप.

कारण काय, तर साडी. मोठीआयच्या थोरल्या मुलाच्या लग्नात मानाच्या साड्या दिल्या, तेव्हा नवरीच्या मावशीला आधी साडी दिली गेली आणि माझ्या आयला नंतर. साडी काही वाईट नव्हती. मी पाहिली आहे, चांगली निळी होती. पण नंतर म्हणजे नंतर. आयनं ती पाटावर ठेवली, पदर सावरला आणि मांडवातून सरळ घरी आली. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघे भाऊ मात्र संध्याकाळी एकाच बाकावर बसून विड्या ओढत. त्यांना या प्रकरणाची भीती वाटायची, म्हणून ते कधी विषयच काढत नसत.

आता खरी मजा पुढेच आहे. लग्नाचे लाडू भावकीत द्यायला हवेतच, म्हणून मोठीआयनं दुसऱ्या दिवशी वाटी भरून लाडू धाडले. घेऊन आली तिची मुलगी, माझी चुलत बहीण अनुसया. आयला लाडू नको होते, पण लग्नाचे लाडू परत करता येत नाहीत. आणि आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. कोणीच करत नाही. भिकाऱ्याचं भांडंसुद्धा रिकामं द्यायचं नाही, तिथे जावेचं कसं देणार? आयनं वाटीत करंज्या भरल्या आणि वर झाकण म्हणून आमची ताटली ठेवली. झालं! आता ताटली आमची, ती मोठीआयला परत करणं आलं, आणि तीही रिकामी नाही. तिनं ताटलीवर वडे ठेवून पाठवले आणि वर स्वतःचा रुमाल झाकला. रुमाल परत करायचा म्हणून आयनं शुशूच्या, म्हणजे आमच्याकडच्या वेलावरच्या हिरव्या फळाच्या, भाजीचं पातेलं पाठवलं. असं ते सुरू झालं ते थांबेचना. एकीची काही ना काही वस्तू कायम दुसरीच्या घरात अडकलेली. दोघींपैकी कोणीही एकदा मुकाट्यानं हिशेब मिटवला असता तर संपलं असतं, पण माघार कोण घेणार? वाट्या पोचवायचं काम माझं आणि अनुसयाचं. वाटेतल्या बिलिंबीच्या झाडाखाली आम्ही दोघी गाठ घ्यायचो आणि त्यातलं थोडं थोडं खाऊन टाकायचो.

साठ साली आमच्या बेटावर कॅरॉल आली. त्या सिक्लोननं, म्हणजे चक्रीवादळानं, आमचं गावच झोपवलं. सांत्र द फ्लाक शहराच्या बाजूची सगळी उसाची गावं तशीच झोपली होती. आमची दोन्ही घरं गेली, आवारात दोन पत्र्याच्या खोपट्या उभ्या राहिल्या, आणि गंमत म्हणजे त्या पत्र्याच्या खोपट्यांमधूनही वाट्या चालूच राहिल्या. घरावर छप्पर नव्हतं तेव्हासुद्धा आय ताटलीवर काय ठेवायचं याचा विचार करत बसलेली मी पाहिली आहे.

मग सरकारनं ठरवलं, मोठ्या रस्त्याच्या अलीकडे नवी वसाहत बांधायची. सिमेंटची घरं, वारा कितीही येवो हलायची नाहीत. पण खर्च वाचावा म्हणून घरं जोडीजोडीनं. दोन कुटुंबांना मधली भिंत एक, अंगण एक आणि नळही एक. कोणाला कोणाशेजारी टाकायचं हे ठरवायला गावची कमिटी होती, आणि कमिटीचे मुख्य होते तुलसीराम काका. काकांना कोणालाच नाराज करायचं नसे, त्यामुळे त्यांचं काही ठरतच नसे. म्हणून एकसष्ट साली विलायतेहून मदतीला एक समाजशास्त्राचे विद्वान आले. डॉक्टर व्हिटकम.

व्हिटकम साहेब उंच, लाल, आणि विलक्षण सभ्य. कोंबडीलासुद्धा वाट सोडून बाजूला उभे राहायचे. मी फ्लाकला टायपिंग शिकून घरी बसले होते, तर त्यांचे कागद टाइप करायचं काम मला मिळालं. इंग्रजी मला वाचता येतं तितकं बोलता येत नव्हतं, पण टाइप करायला बोलावं लागत नाही.

साहेबांचा सिद्धांत असा होता. माणसांना विचारलं तर माणसं खोटं बोलतात, किंवा बरं वाटावं म्हणून गोड बोलतात. वस्तू मात्र खोटं बोलत नाहीत. तेव्हा माणसांना विचारायचंच नाही. एका घरातून दुसऱ्या घरात अन्न किती वेळा जातं ते मोजायचं. जिथे अन्न जातं तिथे माया असते, जितकं जास्त जातं तितकी जास्त. ज्यांच्यात माया जास्त त्यांना एक भिंत द्यायची. ऐकायला किती छान! मला टाइप करताना गहिवरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

मोजायला म्हणून साहेब कोपऱ्यावरच्या चिनी दुकानाच्या वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसायचे. समोरून वाटी गेली की त्यांच्या कागदावर एक रेघ. हे बायकांच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? विहिरीवर जाणाऱ्या बायका आधी दुकानावरून फेरा मारून येऊ लागल्या. वाट्यांवर झाकायला पेटीतले विणलेले रुमाल बाहेर निघाले. कोणाला साधी मिरची न देणारी चंपा दर सकाळी डोक्यावर मोठं झाकलेलं भांडं घेऊन साहेबांसमोरून डुलत जायची. एकदा वाऱ्यानं झाकण उडालं तर आत काहीच नव्हतं. साहेबांनी रेघ मारलेलीच होती आणि ती खोडायला त्यांना संकोच वाटला.

काही आठवड्यांनी अहवाल तयार झाला. मी तो टाइप केला आणि शनिवारी अनुसया घरी आली तेव्हा तिच्या हातात ठेवला. अनुसया तेव्हा शिक्षकांच्या कॉलेजात शिकत होती. घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी, आणि हे ती कोणाला विसरू द्यायची नाही. कुठूनसं संशोधनाच्या पद्धतीवरचं एक जाड पुस्तक तिनं आणलं होतं, आणि ते उशाशी घेऊन झोपायची. बिलिंबीच्या झाडाखाली बसून ती वाचत गेली, मधेमधे फिसफिस हसत गेली. मग एकदम तिचं हसू थांबलं.

"कुंते," ती म्हणाली, "हे तू टाइप केलंस?"

"मग काय चिन्यानं केलं?"

"आणि वाचलं नाहीस?"

वाचलं होतं. पण घरांना नावं नव्हती, नुसते आकडे होते, आणि आकड्यांमागे कोण राहतं हे बघायचं मला सुचलं नव्हतं. अनुसयानं बोट ठेवून दाखवलं. साहेबांनी लिहिलं होतं की सगळ्या गावात सर्वांत घट्ट मैत्री अमुक घर आणि तमुक घर यांच्यात आहे. दिवसातून कित्येकदा अन्नाची देवघेव, सणाला, साध्या दिवशी, पावसातसुद्धा. अशा स्नेहाचं उदाहरण आपण आजवर कुठल्याही बेटावर पाहिलेलं नाही. तेव्हा पहिलं जोडघर यांनाच द्यावं. ती घरं आमची होती.

"बोंज्ये!" मी म्हणाले. आमच्यात देवाचं नाव तोंडात येतं तेव्हा ते बेटावरच्या क्रेओल बोलीतच येतं.

"एक भिंत," अनुसया म्हणाली. "एक नळ. आणि एकदा दिलेलं घर बदलून मिळत नाही, तुलसीराम काकांनी सांगितलंय. जन्मभर, कुंते! माझी आय आत मरेल. नाहीतर तुझी मरेल. हा माणूस दोघींना एका पिंजऱ्यात घालायला निघालाय, आणि वर शास्त्र म्हणतोय."

मला पटलं. का पटू नये? आईच्या तोंडून जावेचं नाव त्या लग्नापासून ऐकलं नव्हतं. "तिकडची" म्हणायची, फार तर "ती." अनुसयानं पदर खोचला. तिला इतकी आनंदी मी आधी कधी पाहिली नव्हती. आईलाही वाचवायचं आणि विलायतेच्या डॉक्टरलाही पाडायचं, अशी संधी रोज कुठे येते!

पुढच्या शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये साहेबांनी अहवाल वाचून दाखवायचा होता, कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणावं म्हणून. कोण काय म्हणणार! पुरुषमंडळी भिंतीला टेकून बसली होती. बायका जवळजवळ नव्हत्याच. माझी आय आणि मोठीआय दोघी बाजाराला गेल्या होत्या, अर्थातच दोन वेगवेगळ्या बसनं. साहेबांनी वाचलं, तुलसीराम काकांनी सगळ्यांतर्फे आभार मानले, आणि अनुसया उभी राहिली.

इंग्रजीत बोलली ती, आणि प्रत्येक मुद्द्यानंतर लोकांसाठी मराठीत. मी तिची कितीही टिंगल करत असले तरी त्या दुपारी माझी मान ताठ झाली होती. ती म्हणाली, साहेब, तुम्ही वाटी गेली की एक रेघ मारलीत आणि वाटी आली की दुसरी. पण जाणारी वाटी माणूस आपण होऊन देतो, परत येणारी रीत म्हणून येते. आमच्यात रिकामं भांडं देत नाहीत. तुम्ही अर्धी माया मोजलीत आणि अर्धी लाज.

पुरुषमंडळींत खसखस पिकली. साहेब लिहून घेऊ लागले.

ती म्हणाली, तुम्ही दुकानाच्या वऱ्हांड्यात बसलात, तिथून पुढची गल्ली दिसते. पण आमच्यात जी घरं खरंच एक आहेत ती पुढच्या गल्लीनं जातच नाहीत. मागच्या कुंपणाला भोक असतं, तिथून शिरतात, दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलतात आणि उभ्या उभ्या खाऊन जातात. वाटी कशाला लागेल? तुलसीराम काका आणि त्यांचे शेजारी जयराम काका यांची पोरं कोण कोणाची हे त्यांच्या आयांना रात्रीच कळतं, आणि तुमच्या कागदावर त्या दोन घरांत शून्य माया आहे.

"शून्य?" जयराम काका दुखावून म्हणाले. "काल मी याच्या घरीच जेवलो की!"

ती म्हणाली, तुम्ही समोर बसलात म्हणून वाट्या वाढल्या. तुम्ही गाव नाही मोजलंत, तुम्हाला दाखवलेलं गाव मोजलंत. चंपाचं नाव तिनं घेतलं नाही, पण सगळे चंपाच्या नवऱ्याकडे बघू लागले आणि त्यानं टोपी सारखी केली. आणि मग शेवटी, आवाज जरा खाली आणून, तिनं तो पहिल्या जोडघराचा मुद्दा घेतला. साहेब, तुम्ही म्हणता अन्न जातं तिथे माया असते. अन्न टोमणा मारायलाही जातं. मी तुझ्यापेक्षा कमी नाही हे सांगायलाही जातं. ज्या दोन बायकांना तुम्ही बेटावरच्या सर्वांत जिवलग मैत्रिणी म्हटलंय, त्या माझी आय आणि माझी काकी आहेत. त्या किती तरी वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. तुम्ही त्यांचं भांडण मोजलंय.

हॉलमध्ये एवढा हशा झाला की पत्रे वाजले. मी मात्र साहेबांकडे बघत होते. मला वाटलं आता चिडतील, नाही तर खचतील. साहेब उठले, अनुसयाचे दोन्ही हात हलवून म्हणाले की आपल्या कामावर इतकी उत्तम टीका कोणीच केली नव्हती. ती सगळीच्या सगळी आपल्याला मान्य आहे. ती दोन घरं वसाहतीच्या दोन टोकांना, थोरलीचं नदीकडे आणि धाकटीचं रस्त्याकडे, द्यावीत अशी शिफारस आपण आजच करतो. तुलसीराम काकांनी लगेच मान डोलावली. अनुसया माझ्याकडे बघून हसली, आणि आम्ही दोघी जवळजवळ नाचत घरी आलो.

बातमी आमच्या आधी पोचली होती. मोठीआय खोपटीच्या दारात ब्रेद निवडत बसली होती. हिरव्या पाल्याची मोठी जुडी मांडीवर, आणि देठ मोडायचा आवाज जरा जास्तच मोठा.

"आय, वाचवलं तुला!" अनुसया म्हणाली.

"आपलं घर कुठं?" मोठीआयनं विचारलं.

"नदीच्या बाजूला. झकास जागा आहे, वारा येतो."

"आनि तिचं?"

"रस्त्याच्या बाजूला. पार दुसऱ्या टोकाला. तोंडसुद्धा दिसणार नाही."

मोठीआयनं पाला खाली ठेवला. मग उचलला. मग पुन्हा खाली ठेवला.

"तुला कोनी इचारलं होतं?"

"आय, तुम्ही बोलत नाही—"

"बोलत नाय म्हनून काय झालं गो? तिच्या घरात काय शिजतं त्ये मला रोज म्हाईत हाय. मीठ उनं पडलं की समजायचं, हिरेचं डोकं ठिकानावर नाय, नवऱ्याशी काय तरी झालंय. सिक्लोनच्या दुसऱ्या दिवशी तिनं काय धाडलं होतं, ठाव हाय? भिजल्या तांदळाची पेज. त्या पेजेत निम्मी माती होती. मी खाल्ली ती. एक घास टाकला नाय. सगळ्या मुलखात त्या दिवशी माझ्या पोटात गेलेलं तेवढंच गरम." तिचा आवाज फुटला आणि तिला त्याचाच राग आला. "त्यो साहेब खुळा असंल. पन त्यानं निदान मोजलं तरी. तू शिकलेली, तू तर इचारलंपन नाय."

 मी माझ्या खोपटीत गेले. आय चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिच्या हातात मोठीआयचं पितळी पातेलं, लख्ख घासलेलं, आणि ते पोटाशी धरून ती नुसती उभी होती. मी हाक मारली तर म्हणाली, "धूर गेलाय डोळ्यात." चूल पेटलेली नव्हती.

मला त्या क्षणी अनुसयाचा, साहेबांचा आणि मुख्य म्हणजे या दोन बायकांचा असा राग आला! एवढी माया असेल तर बोलायला काय धाड भरली होती? पण हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांना कोणीही काहीही विचारलं की उत्तर एकच, "तिला इचारा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. साहेब चिनी दुकानाच्या वऱ्हांड्यातून उठून आता आत, सावलीत बसले होते, आणि झपाटल्यासारखे लिहीत होते. अन्नाच्या देवघेवीत दडलेलं वैर, असं एक नवीन प्रकरणच त्यांनी सुरू केलं होतं. अनुसयाचं नाव त्यात तीनचारदा होतं.

"साहेब," अनुसया म्हणाली, "ती दोन घरं शेजारी राहू द्या."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "पण तुमचा युक्तिवाद तर अभेद्य होता."

"तुमची पद्धत चुकीचीच होती. पण उत्तर बरोबर आलं होतं."

"चुकीच्या पद्धतीनं आलेलं उत्तर बरोबर धरता येत नाही, मिस अनुसया. हे मी कालच शिकलो. तुमच्याकडून."

"माझी आय स्वतः बोलली. रडत बोलली."

"एकच व्यक्ती," साहेब अतिशय हळुवारपणे म्हणाले. "आणि तीही तुमची आई. दुसरीचं काय म्हणणं आहे?"

अनुसयानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, चूल पेटलेली नव्हती म्हणून? पा कोने, म्हणाले, मला माहीत नाही. त्या सभ्य माणसानं अनुसयाचे एकेक मुद्दे काढून तिलाच वाढायला सुरुवात केली. अश्रू म्हणजे माया असं का मानायचं? लोक टीका झाल्यावर भूमिका बदलतात, त्याचं काय? मला हसू दाबता दाबता खोकला आला. अनुसयाचे कान लाल झाले होते. वाद घालायला आलेल्या माणसाला पाडता येतं, पण तिचंच पाठ करून बसलेल्या माणसाला कसं पाडायचं?

"मग त्यांनाच विचारा," ती शेवटी ओरडली. "दोघींना. समोरासमोर. सगळ्या कमिटीसमोर विचारा!"

साहेबांना ही कल्पना फारच आवडली. ते म्हणाले, माणसांना विचारायचं हे आपण कधी करून पाहिलेलं नाही.

घरवाटपाची बैठक बुधवारी सकाळी होती, आणि अनुसया कॉलेज बुडवून त्यासाठी थांबली होती. त्या दिवशी ठरेल ते कायमचं. हॉल खचाखच, आणि या वेळी बायका पुढे. मोठीआय एका टोकाला बसली, आय दुसऱ्या टोकाला. दोघींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती आणि दोघींनी एकमेकींकडे न बघता एकमेकींचं लुगडं बघून घेतलं होतं. दोघे भाऊ दाराबाहेर उभे राहिले, आत यायची त्यांची छाती झाली नाही.

"चंद्रावतीबाय," तुलसीराम काकांनी विचारलं, "हिरेच्या शेजारचं घर पायजे काय?"

"मी कशाला सांगू? तिला इचारा."

"हिरे, तू सांग."

"थोरल्या त्या हायत. त्यांना इचारा."

तुलसीराम काका घाम पुसत एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघू लागले. साहेबांनी कागदावर काही लिहिलं आणि अनुसयाकडे अशा नजरेनं पाहिलं की बघा, तुम्हीच बरोबर होतात. काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मागून कोणी तरी म्हणालं, त्यांना नको तर ते पहिलं घर आमाला द्या, आमी दोघं भाऊ घेतो. काकांचा जीव भांड्यात पडला. कोणालाच नाराज न करता सुटायची वाट मिळाली होती. "कोरेक," ते म्हणाले, म्हणजे ठीक, "मग असं करू. चंद्रावतीबाय नदीकडं, हिरा रस्त्याकडं..." आणि त्यांनी दौतीत लेखणी बुडवली.

मी आईकडे बघत होते. तिनं ओठ इतके आवळले होते की पांढरे झाले होते. बोल ना, मी मनात म्हणत होते, एकदा बोल, नाक कापलं जाणार आहे का! 

"तुलसीराम, थांब," मोठीआय म्हणाली.

ती उठली. पण तुलसीराम काकांकडे तिनं बघितलंच नाही. सगळ्या हॉलच्या डोक्यावरून ती दुसऱ्या टोकाला बघत होती.

"हिरे," ती म्हणाली. "माझ्या भिंतीपलीकडं मला दुसरी कोन नको."

त्या लग्नानंतर पहिल्यांदा तिनं माझ्या आईला हाक मारली होती.  मग आय उठली, आणि मला वाटलं आता पाया पडेल, गळ्यात पडेल.

"मग इतकी वर्सं सांगितलं का नाय, बाय?" आय ओरडली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ओरडणं थांबत नव्हतं. "साडीपायी मी मेली की जगली, कधी आलीस बघायला?"

"तू आलीस? पाटावर साडी टाकून गेलीस चार मान्सांत! मी थोरली, मी यायचं काय?"

"नंतर दिलीस मला! त्या मावशीच्या नंतर!"

"आयो! मावशी आंधळी होती गो, हिरे! तिला गाडी गाठायची होती!"

"म्हनून सांगायचं नाय?"

"इचारलंस तू?"

बोलत बोलत दोघी एकमेकींकडे सरकत होत्या आणि मधली माणसं वाट करून देत होती. नळ कोणाच्या बाजूला, धुण्याची दोरी कुठे, हेही त्यात येऊ लागलं. आता त्या हॉलच्या मधोमध नाकाला नाक लावून उभ्या होत्या. मोठीआय स्वतःच्या पदरानं माझ्या आईचे डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता तिला खडसावत होती. आय नाक ओढत तिला चोख उत्तर देत होती. सगळी वर्षं एका दमात निघत होती.

व्हिटकम साहेब उठून उभे राहिले होते. त्यांच्या हातात कागद होता, लेखणी होती, पण रेघ कुठे मारायची ते त्यांना कळत नव्हतं. "मिस अनुसया," ते कुजबुजले, "हे भांडण आहे, की मैत्री?"

प्रत्येक गोष्टीवर मत असलेली माझी बहीण दोघींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत नाही, साहेब. थांबा, या वेळी मी विचारते." गर्दीतून वाट काढत ती मधोमध पोचली, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, "आय, काकी, तुम्ही साहेबांना सांगता का, तुम्ही नक्की—"

दोघी एकदम तिच्याकडे वळल्या, आणि दोघींच्या तोंडून एकच वाक्य, एकाच आवाजात आलं.

"अने, आमी बोलतोय, मधी पडू नको!"